वाढत्या अंगाचं धनुष्य नको गं

झोपली नाहीयेस ना? मग सरक जरा भिंतीकडे, मला जागा दे. आईचा डोळा लागलाय, बाबा बाहेर बातम्या बघतायत. आत्ताच बोलून घेते. उद्या सकाळी तुझी मैदानाची घाई आणि माझी पुण्याची एसटी, त्यात हे राहून जाईल.

रात्री जेवताना तू बाबांना म्हणालीस, "नवं कशाला, ताईचं धनुष्य आहेच की कपाटावर." ते ऐकून बाबांना किती हायसं वाटलं, ते मी पाहिलं. तू घरच्या पैशाचा विचार करतेस याचं मलाही कौतुक वाटलं. पण चिमणे, ते धनुष्य मी तुला आत्ता देणार नाही. त्यामागची गोष्ट मी या घरात कुणालाच सांगितलेली नाही. तुला सांगते.

मी आठवीत होते. मैदानावरच्या सामायिक धनुष्यावर चार महिने काढले होते. बाण बऱ्यापैकी लागत होते, म्हणून बाबा खूश होऊन मला खरेदीला घेऊन गेले. आम्हाला दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं आणि सरांना विचारायचं सुचलं नाही. दुकानदाराने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मुलगी वाढत्या अंगाची आहे, जरा जडच घ्या. दोन वर्षं बघायला नको." बाबांना ते लगेच पटलं. पटणारच. आपल्या घरात युनिफॉर्म तसाच घेतला जातो, चपला तशाच घेतल्या जातात. बोटभर मोठं घ्यायचं, पुढे कापूस कोंबायचा आणि पाय वाढायची वाट बघायची.

युनिफॉर्म सैल झाला तर फक्त दिसायला वाईट दिसतो. धनुष्य अंगाला मोठं झालं तर ते अंगच वाकवतं.

खालच्या पात्यावर, म्हणजे लिम्बवर, छापलेलं असतं बघ. माझ्यावर आहे ६८-३०. त्यातला ६८ हा धनुष्याची लांबी इंचांत सांगतो आणि ३० म्हणजे दोरी अठ्ठावीस इंचांपर्यंत ओढली की बोटांवर येणारं वजन, पौंडांत. माझा हात तेव्हा पंचवीस इंचांपर्यंतच जायचा, त्यामुळे पूर्ण तीस पौंड येत नसत. दर इंचामागे साधारण एक-दोन पौंड कमी धर. तरी अकरा-साडेअकरा किलो होतंच. दहा किलो तांदळाची पिशवी तीन बोटांत अडकवायची, आडवी ओढून हनुवटीखाली आणायची, तिथे स्थिर ठेवायची, नेम धरायचा आणि मग अलगद सोडायची. एकदा नाही, संध्याकाळभरात ऐंशी-शंभर वेळा.

मी ओढायचे गं. तेच तर वाईट झालं. ओढताच आलं नसतं, तर दुसऱ्या दिवशी परत दिलं असतं. उजवा खांदा कानाला लागेपर्यंत वर जायचा, कंबर मागे झुकायची, मान वेडीवाकडी व्हायची, दोरी कशीबशी हनुवटीपर्यंत आली की धरवत नाही म्हणून तिथल्या तिथे सुटायची. नेम धरायला वेळच नाही. चार महिन्यांत हलक्या धनुष्यावर जे शिकले होते, ते सगळं महिन्याभरात पुसलं गेलं. सर म्हणायचे, "वजन कमी कर." मी म्हणायचे, "जमतंय सर." कारण मैदानावर मुलं विचारायची, तुझं किती पौंडाचं? आणि तीस म्हणताना मला फार भारी वाटायचं.

दिवाळीपर्यंत उजवा हात डोक्यावर जाईना. आठवतं, आई तेव्हा माझी वेणी घालायची? तू लहान होतीस, तुला वाटायचं ताईचे लाड चाललेत. मला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते. मी आईला अभ्यासाचं कारण सांगितलं आणि बाबांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी हप्त्याने पैसे भरले होते. त्यांना काय सांगणार, की तुम्ही आणलेलं धनुष्य मला झेपत नाही? डॉक्टरांकडे गेले तेव्हा खूप उशीर झाला होता. सहा महिने विश्रांती झाली, मग दहावी आली आणि मग ते धनुष्य कपाटावर गेलं. खेळ मला आवडत नव्हता म्हणून मी सोडला, असं सगळ्यांना वाटतं. मला तो फार आवडत होता.

रडू नकोस. मला आता दुखत नाही. तुला सांगतेय ते एवढ्यासाठी, की खांदा ठणकायला लागला तर पहिल्या दिवशी सांगायचं, मला नाहीतर सरांना. पाठ भरून आली, खांद्याच्या पात्यांमध्ये दुखलं, तर घाबरायचं काही नाही, तिथलेच स्नायू दोरी ओढतात. सांध्यात आत टोचल्यासारखं झालं, तर त्या दिवशी धनुष्य खाली ठेवायचं.

आता तुझं बघू. ऊठ, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसर. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं आणि अडीचने भागायचं. ती तुझी ड्रॉ लेंथ, म्हणजे तुझी दोरी कुठवर येणार त्याचा अंदाज. वितीने मोजलं तर तू साधारण एकोणसाठ भरतेस. म्हणजे साडेतेवीसच्या आसपास. या मापाला बासष्ट किंवा चौसष्ट इंची धनुष्य शोभतं. माझं अडुसष्ट ज्याची ड्रॉ लेंथ सत्तावीस-अठ्ठावीस आहे त्याच्यासाठी. तुझ्या हातात ते पुरतं उघडणारच नाही, नुसतं जड नि लांबलचक लागेल.

आणि वजन? लिम्बवर सोळा किंवा अठरा लिहिलेलं घे. तुझ्या बोटांवर त्यातले बारा-पंधरा येतील. नाक मुरडू नकोस! सुरुवातीला तुम्हाला पाच मीटरवरून कागद न लावलेल्या बटवर, म्हणजे लक्ष्याच्या नुसत्या गादीवर, मारायला लावतात ना, मग दहा मीटर. तिथे तेवढ्या वजनाचा बाण आरामात रुततो. सत्तर मीटरवर मारायचं तेव्हा वजन लागेल, आणि ते दोन-दोन पौंडांनी वाढत जाईल. मैदानावर कुणी विचारलं, तर सांग सोळा. आणि सांगून पुढचा बाण लाव.

झेपतंय की नाही हे ओळखायचं कसं? दोरी हनुवटीखाली आण आणि मनात सावकाश दहा आकडे मोज. खांदा खाली राहिला, धनुष्याचा हात थरथरला नाही, श्वास कोंडला नाही, तर झेपतंय. पाचालाच थरथर सुटली तर नाही. मग हळूहळू दोरी जागेवर परत ने. बाण न लावता दोरी सोडायची नाही हं, कधीच नाही. बाणात जायचं सगळं बळ मग लिम्बमध्येच उलटतं आणि धनुष्य तडकतं. कुणी पाहुणा आला नि म्हणाला, बघू गं, ओढून बघू, तर सरळ नाही म्हणायचं. मामा असला तरी.

एक गोष्ट मात्र वजनाच्याही आधी बघायची असते. दोन्ही हात लांब कर, अंगठे नि तर्जन्या जुळवून मध्ये लहानसा त्रिकोण कर. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून खिडकीबाहेरचा तो खांबावरचा दिवा बघ. आता डावा डोळा मीट. दिवा दिसतोय? मग तुझा उजवा डोळा जोराचा. दिवा गायब झाला असता, तर डावा. पुष्कळ मुलींचा हात उजवा नि डोळा डावा निघतो, आणि महिनोन्महिने बाण एकाच बाजूला का जातात ते कळत नाही. तसं निघालं तर सरांशी बोलून डाव्या हाताच्या धनुष्यावरच सुरुवात केलेली बरी, कारण तुझ्या दोन्ही हातांना हे काम अजून सारखंच नवं आहे. दुकानात घोळ होतो तो नावाचा. उजव्या हाताचं धनुष्य म्हणजे दोरी उजव्या हाताने ओढायचं, धरायचं डाव्या हातात. मी हे उलटं समजून बसले होते.

आता तुझ्या वहीवरच्या फोटोबद्दल. अदिती स्वामी आपल्या साताऱ्याची, म्हणून तुला चाकांचं धनुष्य हवंय, हे मला माहीत आहे. मला तिचं किती कौतुक आहे म्हणून सांगू! २०२३ मध्ये बर्लिनला सतरा वर्षांची मुलगी जगज्जेती झाली, अंतिम लढतीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवून. पंधरा बाणांत दीडशेपैकी एकच गुण गेला. आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला, तो तर दीडशेपैकी दीडशे मारून. दोघंही इथेच प्रवीण सावंत सरांकडे घडलेले. त्या रात्री मी पुण्याच्या खोलीत एकटी नाचले होते.

पण त्यांचं कंपाउंड तुला आज का नको, ते नीट ऐक. त्याच्या टोकांना चाकं असतात. ओढताना मध्ये वजन पूर्ण येतं आणि शेवटी एकदम उतरतं, पाऊण भागाच्या आसपास. चाळीस पौंडांच्या धनुष्यावर शेवटी दहाच पौंड धरून उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ते दहा हातात यायच्या आधी चाळीसचा चढ चढावा लागतो, आणि तो चढ तुझ्या खांद्याने चढायचा आहे. शिवाय ड्रॉ लेंथ चाकातच बसवलेली असते. तू या वर्षात दोन इंच उंच झालीस की ते पुन्हा बसवून घ्यायचं. दोरी बदलायची तरी वेगळं यंत्र लागतं. आणि किंमत लाखाच्या घरात. इथली काही मुलं थेट कंपाउंडवरच सुरुवात करतात आणि त्यांच्या अंगाला बेतलेलं, सरांच्या डोळ्यांसमोर असेल तर चांगलीही होतात. मी अडवणार नाही. पण पहिलं वर्ष तू रिकर्व्हवर, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्यावर, काढावंस असं मला मनापासून वाटतं. त्यात दोरीचं वजन शेवटपर्यंत बोटांवर राहतं, चूक लगेच दिसते, आणि पाठीने ओढायचं म्हणजे काय ते अंगाला कळतं. नंतर खुशाल चाकं घे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र जोडी पहिल्यांदाच असणार आहे. तुझ्या वयाच्या मुलींना आता दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आमच्या वेळी नव्हत्या.

आणि रिकर्व्ह काही कमी नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला गेला, तो रिकर्व्हवरच. आपला पार्थ साळुंखे २०२३ मध्ये आयर्लंडला लिमरिकमध्ये एकवीस वर्षांखालचा विश्वविजेता झाला, तोही रिकर्व्हवर.

बांबूचं? हो, तेही चालेल. इंडियन राउंड म्हणतात ना, त्यात बांबूचं, लाकडाचं साधं धनुष्य असतं, नेम धरायची साईट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही, तीस आणि पन्नास मीटर. काही हजारांत येतं आणि त्याच्या राष्ट्रीय पातळीपर्यंत स्पर्धा होतात. रांचीची दीपिकाकुमारी बांबूच्या धनुष्यावर सुरुवात करून चार ऑलिम्पिक खेळली. फक्त तुझ्या मापाचं मिळायला हवं, आणि आपल्या साताऱ्याच्या पावसात त्याला ओल लागू द्यायची नाही.

तर मग घ्यायचं काय? माझं ऐकशील तर सहा महिने काहीच नको. मैदानावरचं हलकं धनुष्य वापर. त्यानंतर घ्यायचं ते लाकडी मुठीचं, लिम्ब सुटे होणारं रिकर्व्ह. मधली मूठ तीच राहते, लिम्ब वजनदार झाले की तेवढेच बदलायचे. फक्त बऱ्याचदा त्याच कंपनीचे लागतात, म्हणून ज्याचे पुढचे लिम्ब मिळतात तेच घ्यायचं. याच्या वरची पायरी आयएलएफची. त्यात एका कंपनीच्या रायझरला, म्हणजे मधल्या मुठीला, दुसऱ्या कंपनीचे लिम्ब बसतात. माझं तसं आहे, पंचवीस इंची धातूचा रायझर. आणि म्हणून ते मी विकलेलं नाही. तुझी ड्रॉ लेंथ सव्वीसच्या पुढे जाऊ दे, खांदे भरू देत, मग तो रायझर तुझा. त्याला बावीस पौंडांचे लिम्ब आपण दोघी जाऊन आणू. ते तीसवाले कपाटावरच राहतील.

आत्ता पैसे घालायचेच असतील तर अंगावरच्या गोष्टींत घाल. बोटांना चामड्याचा टॅब, तुझ्या बोटांच्या मापाने कापलेला. सामायिक टॅब नको, तो दुसऱ्याच्या घामाने कडक झालेला असतो आणि बोटं सोलवटतात. हाताला आर्मगार्ड. आणि दंडाखाली कोपराच्या आत तो हिरवा-निळा डाग मी कालच पाहिलाय, बाह्या खाली ओढून लपवत होतीस. अगं, आपल्या दोघींचं कोपर सरळ केलं की थोडं उलटं वळतं, पुष्कळ मुलींचं वळतं, आणि दोरी जाताना नेमकी तिथे फटका मारते. धनुष्याचा हात धरल्यावर कोपराचा उंचवटा खाली न ठेवता बाहेरच्या बाजूला फिरवायचा, मूठ आणि खांदा तिथेच. आता दाराच्या चौकटीला तळवा टेकवून कर. बघ, आतली बाजू दोरीच्या वाटेतून सरकली ना? रोज वीस वेळा कर.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मीच सांगते. दोरी छातीला लागते. आत्ता नाही तर वर्षभरात लागेल. लाजून अंग चोरलंस की खांदे पुढे येतात आणि सगळी ठेवण बिघडते. चेस्टगार्ड मिळतो, जाळीचा, मुलगेही घालतात. आत घट्ट बसणारी खेळाची ब्रा घाल, ढगळ टी-शर्ट नको. केस अंबाड्यात, वेणी पुढे आली तर दोरीत अडकते. कानातले लोंबते काढून ठेव. पाळी आली आणि उभं राहवत नसेल, तर सरांना सरळ सांग, आज कमी बाण मारते. त्यांनी शेकडो मुली शिकवल्यात.

बाण स्वतःचे हवेतच, पण थोडे. सहा पुरेत. बाणाची मागची खाच गळ्याखाली छातीला टेकव, दोन्ही तळवे जोडल्यासारखे पुढे लांब कर, टोक बोटांच्या पुढे चार बोटं तरी गेलं पाहिजे. नवशिक्या मुलांना लांबच बाण द्यायचे असतात, कारण आखूड बाण ओढताना रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरला तर हातातच घुसतो. म्हणून मैत्रिणीचा बाण उसना घ्यायचा नाही, ती कितीही जिवाची असली तरी. कार्बनचा असेल तर प्रत्येक वेळी मारण्याआधी हलका वाकवून, कानाजवळ नेऊन बघायचं. करकर आली की तो बाण बाद. आणि दोरी चढवायला स्ट्रिंगर वापर, तो एक साधा पट्टा असतो. त्याच्याशिवाय, नुसतं पायात घालून धनुष्य वाकवलं की लिम्ब पिळतो.

खंडेनवमीला बाबांना पूजेत धनुष्य ठेवायचंय, म्हणून त्यांची घाई चाललीय, मला माहीत आहे. मी बोलते त्यांच्याशी. माझ्या खांद्याचंही सांगणार आहे, तू मध्ये बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल, पण आता त्यांना कळायला हवं, नाहीतर ते तुलाही बोटभर मोठंच घेऊन येतील. पूजेत या वर्षी तुझा टॅब आणि तुझे सहा बाण ठेवू. त्यांना हळदीकुंकू लावू, टॅबला मात्र तेल नको हं, चामडं मऊ पडतं.

बातम्या संपल्या वाटतं. मोजायची टेप आईच्या शिवणाच्या डब्यात आहे, खालच्या कप्प्यात, बॉबिनच्या खाली. सकाळी मला साडेपाचला उठव. वितीच्या मापावर माझा भरवसा नाही, तुझे हात नीट मोजू, आकडा कागदावर लिहू आणि जाताना मी स्वतः सरांच्या हातात देऊन मग स्टँडवर जाईन.

आणि तो खांदा खाली ठेवून झोप. बघ, झोपेतसुद्धा वर चढवलायस.